चोराच्या उलट्या बोंबा

संगणक खोटं बोलतो असं मी म्हटलं की आमच्या घरातली तरुण मंडळी हसतात. "आजोबा, मशीन खोटं कसं बोलेल? त्याला सांगितलं तेवढंच ते बोलतं." मान्य. मग ज्यांनी त्याला बोलायला शिकवलं ते खोटं बोलतात असं म्हणू. पण खोटं ते खोटंच.

कोणतं खोटं, ते सांगतो. एक्स्टर्नल हार्ड डिस्क, म्हणजे खिशातल्या डायरीएवढी ती डबी, केबलने संगणकाला जोडलेली आहे. कोणी तिला हात लावलेला नाही, मांजरसुद्धा खोलीत नाही. आणि कॉपी चालू असताना मध्येच ती पडद्यावरून नाहीशी होते. काही सेकंदांनी आपली आपण परत येते, कधी येतही नाही. आणि वर संदेश झळकतो. मॅक संगणकावर तो असा असतो : 'डिस्क नॉट इजेक्टेड प्रॉपर्ली'. त्याखाली उपदेश, की डिस्क काढण्याआधी किंवा बंद करण्याआधी इजेक्ट करा.

मी आयुष्यभर वर्गात मराठी शिकवलं. वाक्य दिसलं की त्यातला कर्ता शोधायचा ही सवय आता जाणार नाही. 'डिस्क नीट काढली गेली नाही.' कर्मणी प्रयोग. काढणारा कोण? वाक्यात नाही. सरकारी पत्रात असं वाक्य आलं की आपण ओळखतो, लिहिणाऱ्याला स्वतःला लपवायचं आहे. 'आपले प्रकरण प्रलंबित ठेवण्यात आले आहे.' कोणी ठेवलं ते साहेबांना चांगलं माहीत असतं! पण या संगणकाच्या संदेशात त्याहून वरची करामत आहे. पहिल्या वाक्यात कर्ता गाळायचा, आणि लगेच दुसरं वाक्य आज्ञार्थी ठेवायचं. आज्ञार्थी वाक्याचा कर्ता नेहमी समोरचा माणूस. मग वाचणारा बिचारा पहिल्या वाक्यातली रिकामी जागा स्वतःच्याच नावाने भरतो. 'मीच नीट काढली नसेन बहुतेक.' एकही शब्द धड खोटा न लिहिता आरोप चिकटवून मोकळं!

विंडोजची तऱ्हा थोडी वेगळी. 'तुम्ही शेवटचं जे उपकरण या संगणकाला जोडलंत त्यात बिघाड झाला आहे' अशा अर्थाचा संदेश तिथे येतो. बिघाड उपकरणात, आणि ते जोडलंत तुम्ही. संगणकाच्या स्वतःच्या पोर्टमध्ये, त्याच्या वीज वाचवण्याच्या हव्यासात काही खोट असू शकेल, ही शक्यता वाक्याच्या रचनेतच ठेवलेली नाही.

गंमत म्हणजे हाच संगणक आतल्या आत रोजकीर्द लिहीत असतो. विंडोजमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' नावाची वही आहे. स्टार्टमध्ये शोधली की सापडते. त्यातल्या 'सिस्टिम' या भागात डिस्क नाहीशी झाली त्या वेळेची नोंद पाहा. बऱ्याचदा १५७ क्रमांकाची नोंद असते : अमुक डिस्क 'सरप्राइज रिमूव्हड'. म्हणजे ध्यानीमनी नसताना काढली गेली. सरप्राइज कोणाला? संगणकाला! म्हणजे आपण चकित झालो हे तो स्वतःच्या डायरीत लिहितो आणि मालकाला मात्र दरडावतो.

आता मी कोणावर अन्याय करू इच्छित नाही. माहीतगारांना विचारलं, वाचलं, आणि एक गोष्ट समजली. डिस्क हाताने ओढून काढली काय आणि केबलमधली वीज क्षणभर कमी पडून ती बंद पडली काय, संगणकाच्या बाजूने दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. पलीकडून 'हजर' म्हणणारा कोणी नाही, एवढंच त्याला कळतं. कारण त्याला ओळखता येत नाही. ठीक. पण मग तसं सांगा ना! मधल्या सुट्टीत खिडकीची काच फुटली आणि कोणी फोडली ते गुरुजींनी पाहिलं नाही, तर खिडकीजवळ उभा असलेल्याच्या कानाखाली आवाज काढणं याला न्याय म्हणत नाहीत. 'डिस्कशी संपर्क तुटला. कारण समजले नाही. अमुक फाइल लिहिली जात होती. आज हे चौथ्यांदा झाले आहे.' अशी चार छोटी वाक्यं लिहायला काय हरकत आहे? ज्या कामात व्यत्यय आला ते त्याला माहीत असतं, किती वेळा आला ते नोंदवहीत असतं, आणि पोर्ट त्याने स्वतःच झोपवला असेल तर तेही त्याला पक्कं माहीत असतं. 'चौथ्यांदा' एवढा एक शब्द जरी दिसला तरी माणूस स्वतःला दोष देण्याऐवजी केबलकडे बघेल.

कोणी म्हणेल, सर, एका संदेशावरून एवढं काय मनाला लावून घेताय? मंडळी, संदेश पडद्यावर थांबत नाही. तो दुकानदाराच्या तोंडी जातो, पुतण्याच्या तोंडी जातो. आमच्या आळीत एक वहिनी आहेत. यजमान गेले त्याला बरीच वर्षं झाली. त्यांचे फोटो, भजनी मंडळात म्हटलेल्या अभंगांची रेकॉर्डिंग, सगळं एका डिस्कवर होतं. डिस्क मधूनमधून तुटायला लागली. दुकानात नेली. तिथल्या मुलाने पहिला प्रश्न विचारला, "काकू, इजेक्ट न करताच काढता ना?" वहिनी गप्प. संगणकासमोर आमच्या पिढीचा माणूस आधीच अपराधी चेहऱ्याने बसलेला असतो, त्यात हा प्रश्न. मग मुलाने डिस्क लावली, 'फॉरमॅट करावी लागेल' असा संदेश आला, त्याने विचारलंही नाही आणि फॉरमॅट केली. डिस्क आता 'एकदम ओके' आहे म्हणाला. दोनशे रुपये घेतले. घरी येऊन वहिनींनी उघडली तर आत काही नाही. पुढे कितीतरी दिवस त्या सांगत होत्या, "माझ्याच हातून गेलं." मला इतका संताप दुसऱ्या कशाचा क्वचितच आला असेल. त्यांच्या हातून काहीही गेलं नव्हतं. तीच डिस्क मी दुसऱ्या केबलने माझ्या संगणकाला लावली तर तासन्‌तास चालली, एकदाही तुटली नाही. रिकामी डिस्क. उत्तम चालत होती.

इजेक्टबद्दल खरं काय ते आता सांगतो, कारण 'सरांचा इजेक्टला विरोध आहे' असं गावभर व्हायला नको. इजेक्ट म्हणजे संगणकाला सांगणं, की बाबा तुझ्याकडे अर्धवट लिहायचं काही राहिलं असेल तर ते डिस्कवर पुरं कर, फायली मिट आणि मग सोड. संगणक कधीकधी लिहायचा मजकूर थोडा वेळ स्वतःच्या स्मरणात धरून ठेवतो आणि मागाहून डिस्कवर उतरवतो. त्या अवस्थेत ओढून काढली तर मजकूर जाऊ शकतो. म्हणून इजेक्ट करावं, मी नेहमी करतो. पण विंडोज १० च्या २०१८ मधल्या १८०९ या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टनेच बाहेरच्या डिस्कसाठी मुळातली रीत बदलली. मजकूर धरून न ठेवता लगेच उतरवायचा, म्हणजे 'क्विक रिमूव्हल', ही रीत तेव्हापासून आपोआप लागू असते. लिहिणं चालू नसेल तर इजेक्ट न करता काढली तरी चालेल असं त्यांचंच म्हणणं. दुकानातल्या किती मुलांना हे ठाऊक आहे? आणि मुख्य मुद्दा असा की इजेक्ट हे काढण्याच्या वेळचं काम. डिस्क आपली आपण तुटते तेव्हा इजेक्ट करायला वेळ कुठला? वाहन चालता चालता बंद पडलं तर ड्रायव्हरला 'उतरताना हँडब्रेक का नाही लावलास' म्हणून कोणी विचारत नाही.

मग डिस्क तुटते का? माझ्या अनुभवाप्रमाणे आणि वाचनाप्रमाणे पहिला संशयित वीज. ही छोटी डिस्क पोर्टमधूनच वीज घेते, तिला वेगळा ॲडाप्टर नाही. यूएसबी २.० च्या पोर्टने नियमाप्रमाणे ५ व्होल्टला ५०० मिलीअँपिअर द्यायचे असतात, ३.० च्या पोर्टने ९००. आतली तबकडी सर्वसाधारणपणे मिनिटाला ५४०० फेरे घेते. एकदा फिरायला लागली की तिची भूक माफक असते, पण थांबलेली तबकडी फिरवायला सुरुवात करताना क्षणभर एक अँपिअरच्या आसपासही वीज लागू शकते. कुंभार्ली घाट चढताना एसटी पहिल्या गिअरमध्ये कशी घुरघुरते, तसं. त्याच क्षणी वीज अपुरी पडली की डिस्क मान टाकते. जुन्या काळी, यूएसबी २.० च्या जमान्यात, काही डिस्कांबरोबर दोन तोंडांची केबल मिळायची, दोन पोर्टांतून वीज ओढणारी. नियमाच्या पुस्तकात तिला मान्यता नव्हती, पण काम करायची!

दुसरा संशयित केबल, आणि याच्याबद्दल मी जरा विस्ताराने बोलणार आहे, कारण सगळ्यात स्वस्त वस्तू हीच आणि सगळ्यात जास्त फसवणूकही हिच्यातच. केबलच्या आत विजेच्या दोन तारा असतात, एक जाणारी, एक येणारी. तार जितकी बारीक आणि लांब, तितका वाटेत व्होल्टेजचा ऱ्हास. टाकीतून लांबच्या न्हाणीघरापर्यंत अर्ध्या इंची पाइप नेला तर नळाला धार कशी येते? तसंच. तारेची जाडी केबलवर बारीक अक्षरांत छापलेली असते, २८ एडब्ल्यूजी किंवा २४ एडब्ल्यूजी अशी. यात आकडा मोठा तितकी तार बारीक, हे उलटं गणित लक्षात ठेवावं लागतं. २८ ची दीड मीटर केबल घेतली आणि डिस्कने ९०० मिलीअँपिअर ओढले, तर जाऊन-येऊन अर्ध्या व्होल्टहून जास्त वाटेतच खर्ची पडतो. ५ व्होल्ट निघाले, पोचले ४.४ च्या आसपास. २४ ची अर्ध्या मीटरची केबल असेल तर हाच खर्च एक दशांश व्होल्टसुद्धा होत नाही. गणित सातवी-आठवीच्या मुलालाही येईल, ओहमचा नियम आहे. तरी दुकानात "काका, लांब केबल घ्या, सोयीची पडते" म्हणून दीड मीटरची सुतळी गळ्यात मारतात.

मला हे इतकं पाठ का, तर आमच्या शाळेच्या हस्तलिखितांमुळे. १९६४ सालापासूनचे एक्केचाळीस अंक. मुलांच्या हातची अक्षरं, बोरूने काढलेली शीर्षकं, वॉटर कलरची चित्रं. प्रत्येक अंकाची एकच प्रत, छापलेलं काही नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी भरलं तेव्हा ती वरच्या मजल्यावरच्या कपाटात होती म्हणून वाचली. पुढच्या पुरात कपाट वर असेलच असं नाही, म्हणून एक माजी विद्यार्थी आणि मी मिळून सगळे अंक स्कॅन केले. साधारण ३,७०० पानं, एकेक पान पंचवीस एमबीच्या घरात, सगळं मिळून शंभर जीबीच्या जवळ. हे डिस्कवर उतरवताना दर दहा-पंधरा मिनिटांनी डिस्क गायब. कधी नववीच्या मुलीची कविता अर्धी, कधी चित्राचा वरचा पट्टा ठीक आणि खाली नुसता करडा रंग. दुकानदाराचं निदान तयार होतं : डिस्क गेली, नवी घ्या, साडेचार हजार.

नवी घेतली नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असं ठरवलं. गणितात उत्तर चुकलं की आपण सगळं खोडून नव्याने मांडत नाही, एकेक पायरी तपासतो. आधी पुढचा पोर्ट सोडून संगणकाच्या मागच्या पोर्टला जोडली. डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टपर्यंत आतून आणखी एक बारीक केबल गेलेली असते. मागचे पोर्ट थेट मदरबोर्डवर असतात. तुटण्याचं प्रमाण कमी झालं, थांबलं नाही. मग दुकानातून आणलेली दीड मीटरची केबल काढली आणि अर्ध्या मीटरची जाड केबल लावली. संपलं. सगळी पानं एका बैठकीत उतरली. साडेचार हजारांचं काम एकशे ऐंशी रुपयांत झालं, आणि त्या दुकानदाराने निदान करताना केबलकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं, कारण ती त्यानेच विकलेली होती.

प्रत्येकाचा रोग केबलच असेल असं मी म्हणत नाही. डिस्क तुटते कधी, हे आधी बघा. गणिताच्या पेपरादिवशीच ज्याचं पोट दुखतं त्याला डॉक्टरकडे नेण्याची गरज नसते, हे मास्तरला वेळेवरूनच कळतं. डिस्क काम करताना नव्हे, तर काम नसताना, चहा पिऊन आल्यावर गायब झालेली दिसते का? मग संगणकच वीज वाचवण्यासाठी पोर्ट झोपवत असण्याचा दाट संभव. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये बऱ्याच संगणकांवर 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' नावाची सोय असते, ती बंद करायची. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'यूएसबी रूट हब' उघडून त्याच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये 'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची संगणकाला मुभा' अशी टिचकी असते, ती काढायची. मॅकवरही हार्ड डिस्क झोपवण्याची अशी सोय आहे. माझ्या नातीच्या मॅकवर सकाळी उठून बघावं तर 'नीट काढली नाही'च्या चिठ्ठ्या एकावर एक रचलेल्या. रात्री दोन वाजता घरात कोण उठून डिस्क काढत होतं? वेताळ? ज्याने रात्रभर झोपा काढल्या तोच सकाळी 'तू नीट वागली नाहीस' म्हणून चिठ्ठी देतो. यालाच मी चोराच्या उलट्या बोंबा म्हणतो.

केबलला जरासा धक्का लागला की तुटते का? मग तोंड सैल झालं आहे. बऱ्याच डिस्कांना असतं ते चपटं, रुंद, दोन भागांचं मायक्रो-बी तोंड नाजूक असतं. संगणकाच्या बाजूचं नेहमीचं चौकोनी यूएसबी तोंड पंधराशे वेळा लावण्या-काढण्याच्या हिशेबाने बनवण्याची रीत आहे. दिवसातून दोनदा लावलंत तर दोन वर्षांत तो हिशेब पुरा होतो. त्यात कोकणातली दमट हवा. हबमध्ये लावली तरच तुटते का? साध्या हबला स्वतःची वीज नसते, एका पोर्टचा घास तो चौघांत वाटतो. एकतर हब काढा, नाहीतर स्वतःचा ॲडाप्टर असलेला हब घ्या. वीस मिनिटांनी डबी गरम झाल्यावरच तुटते का? मग डबीच्या आतला, यूएसबीची भाषा डिस्कच्या भाषेत सांगणारा दुभाषा सर्किट-तुकडा आजारी असेल. काही डिस्क डबीतून काढून दुसऱ्या डबीत बसवता येतात. पण काही कंपन्या यूएसबीचं तोंड थेट डिस्कच्याच पट्टीवर जोडतात, तिथे ही वाट बंद. शिवाय डबी उघडली की बहुधा वॉरंटीही जाते.

आणि आतून टक्‌ टक्‌ असा आवाज वारंवार येत असेल, तर मात्र सगळे प्रयोग थांबवा. वीज एकाएकी गेली की तबकडीच्या उरलेल्या वेगातूनच थोडी वीज तयार करून डिस्क आपली सुई सुरक्षित जागी नेते, अशी व्यवस्था तिच्यात असते. तेव्हाचा एक टक्‌ काळजीचा नाही. परत परत येणारा काळजीचा. डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद स्वतः ठेवते, तिला 'स्मार्ट' म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये ती वाचता येते. त्यातल्या ०५ आणि सी५ या दोन ओळींपुढच्या मूळ आकड्यांकडे बघा. शून्य असतील तर तबकडी बहुधा धड आहे. वाढत असतील तर आधी महत्त्वाचं उतरवून घ्या, बाकीचं मग.

कधीकधी दोष खरोखर डिस्कच्या जन्मातच असतो. २०२३ साली सॅनडिस्कच्या एक्स्ट्रीम मालिकेतल्या काही एसएसडी, म्हणजे तबकडी नसलेल्या डिस्क, अचानक तुटू लागल्या आणि पुन्हा वाचल्याच जाईनात अशा तक्रारी झाल्या. तेव्हाची मालक कंपनी वेस्टर्न डिजिटलने फर्मवेअरची दुरुस्ती काढली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत ग्राहकांनी दावे दाखल केले. ही डिस्क वापरणाऱ्यांत व्हिडिओ चित्रित करणारे व्यावसायिक होते, इजेक्ट म्हणजे काय हे कळणारे लोक. ते बोलले म्हणून जगाला कळलं. आमच्या आळीतल्या वहिनी असत्या तर त्या "माझ्याच हातून गेलं" म्हणून गप्प बसल्या असत्या, आणि कंपनीला एक तक्रार कमी मोजावी लागली असती. अपराधी वाटणाऱ्या गिऱ्हाइकासारखं सोयीचं गिऱ्हाइक नाही.

आता 'फॉरमॅट करायची आहे का?' या प्रश्नाविषयी. लिहिता लिहिता डिस्क तुटली तर फायलींची अनुक्रमणिका बिघडू शकते. एक्सफॅट आणि फॅट३२ या पद्धतींत हा धोका जास्त, एनटीएफएसमध्ये कमी, कारण ती आपल्या फेरफारांची टिपण ठेवते. अनुक्रमणिका फाटली म्हणून पुस्तक फाटत नाही. पानं जागेवर असतात. पण विंडोजला अनुक्रमणिका सापडली नाही की ती विचारते, डिस्क वापरायची तर फॉरमॅट करावी लागेल, करू? ग्रंथपालाला कॅटलॉग सापडला नाही म्हणून त्याने 'सगळी कपाटं रिकामी करू का?' असं विचारावं तशातला हा प्रश्न. आणि 'फॉरमॅट केल्यास आतली सगळी माहिती जाईल' हा इशारा कधी येतो? होकार दिल्यावर, दुसऱ्या पायरीला. दुकानातल्या मुलाचं बोट तोवर एंटरवर असतं. इथे रद्द करा म्हणा. दुसरी केबल, दुसरा पोर्ट, दुसरा संगणक बघा. तरी नाही दिसलं तर आधी आहे तसं दुसऱ्या डिस्कवर उतरवू शकेल असा माणूस शोधा. दुरुस्तीचे प्रोग्रॅमसुद्धा लगेच चालवू नयेत, कारण दुरुस्ती म्हणजे डिस्कवर लिहिणं. आणि तुटणाऱ्या डिस्कवरून काही हलवायचं असेल तर कट करू नका, कॉपी करा. पोचलेली फाइल उघडून बघा, मगच जुनी काढा.

"पण सर, तुम्ही बॅकअप ठेवायला हवा ना" असं म्हणणाऱ्यांची एक जात आहे. ठेवायलाच हवा, माझा आहे, दोन ठिकाणी. हस्तलिखितांची एक प्रत शाळेत, एक त्या माजी विद्यार्थ्याकडे कराडला. पण बॅकअप हा 'डिस्क का तुटली' या प्रश्नाला उत्तर नव्हे. पूल का पडला असं विचारल्यावर 'पोहायला शिकायला हवं होतं' म्हणण्यासारखं आहे ते. शिवाय बॅकअप ज्या डिस्कवर घेता तीच जर त्या सुतळी केबलने जोडलेली असेल, तर अर्धवट फायलींचाच बॅकअप होतो. आणि वॉरंटीचा भरवसा कोणी देत असेल तर हेही विचारून घ्या, की बदलून काय मिळतं. डिस्क मिळते. आतलं मिळत नाही.

तेव्हा तुमच्याकडे अशी डिस्क असेल आणि कोणी 'इजेक्ट केलं नसाल' म्हणालं, तर त्याला दोन प्रश्न विचारा : केबल किती गेजची आहे, आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये काय लिहिलं आहे? पहिल्याच प्रश्नाला तो केबल उलटसुलट करून बघायला लागेल. बघू द्या, अक्षरं बारीक असतात, चष्मा तुमचा द्या.

पेनड्राइव्हही असेच तुटतात, त्यांचं काय, असं एक-दोघांनी विचारलं आहे. त्यांचं दुखणं वेगळं आहे, त्यांना केबलच नसते. त्यावर सवडीने लिहीन. सध्या एकोणीसशे ब्याऐंशीच्या अंकाची बत्तीस पानं पुन्हा स्कॅन करायची राहिली आहेत, ती त्या करड्या पट्ट्यांतली.